एकशे पस्तीस, बिंदू शून्य

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला घरचे, दारचे आणि खात्यातले सगळेच मापाडी म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे मापाडी. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. बाजारात तो शिरला की अर्ध्या दुकानांतले तराजू आपोआप शहाणे व्हायचे. दुकानदार वजनं पुसायला घ्यायचे, कापडवाला मीटरपट्टीकडे संशयानं बघायला लागायचा. निवृत्त झाल्यावर हा रुबाब गेला. मग काय करणार, त्यानं घर मोजायला घेतलं.

घरात आठ टेपा, तीन पोलादी पट्ट्या आणि एक व्हर्नियर, म्हणजे मिलीमीटरचाही अंश मोजणारं चिमट्यासारखं माप. हा व्हर्नियर मखमली अस्तराच्या डब्यात राहायचा आणि त्याला मापाडीशिवाय कुणी हात लावायचा नाही. दाराच्या चौकटी एकमेकींना समांतर नाहीत हा शोध त्यानं निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात लावला आणि बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "तीस वर्षं त्याच दारातून येताय-जाताय ना? अडकलात का कधी?" यावर उत्तर नव्हतं. ज्या गोष्टीवर उत्तर नसतं ती गोष्ट न ऐकल्यासारखी करायची कला मापाडीला नोकरीतच साधली होती.

पुढे जी फजिती झाली तिची गोष्ट आता तो स्वतःच सांगत सुटतो. पाहुणा खुर्चीत टेकला रे टेकला की याची सुरुवात, आणि सांगतानाही स्वतःला असा काही धुऊन काढतो की पाहुण्यालाच अवघडल्यासारखं होतं. पण गोष्टीच्या मुळाशी जी दुखरी जागा आहे तिथं आला की त्याचा आवाज जरा खाली येतो.

मुळाशी होती त्याची मुलगी. एकुलती एक, वय तेहतीस, प्रयोगशाळेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातली सायकल घेऊन दगडधोंड्यांतून खाली उतरायचा नाद. जाड टायरांची, रुंद हँडलची ती सायकल मापाडीच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलायची. एके दिवशी उतारावर मुलगी आपटली. गळपट्टीचं हाड मोडलं, सायकलचं मागचं चाक वाकडंतिकडं झालं. दवाखान्यात ती पलंगावर, हात गळ्यात, चेहरा खरचटलेला, भोवती तिचे चार मित्रमैत्रिणी. मापाडी धापा टाकत पोचला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोर वाईट तेच येत होतं. आणि ती जिवंत आहे, डोळे उघडे आहेत, हे दिसताक्षणी तो सगळा धसका जिभेवर आला. "मापात राहिली असतीस तर ही वेळ आली नसती," तो म्हणाला. "लाज वाटायला पाहिजे."

सगळ्यांसमोर. बापानं. पलंगावरच्या पोरीला.

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बरी झाली ती आपल्या भाड्याच्या खोलीवरच गेली, आणि नंतर अकरा महिने घरात पाऊल टाकलं नाही. फोन यायचा तो आईला. मापाडी फोनच्या आसपास उगाच पुस्तकं आवरत घुटमळायचा. "बाबा कसे आहेत" एवढं एक वाक्य पलीकडून यायचं, आणि "बरे आहेत" एवढं एक इकडून जायचं. एखाद्या लांबच्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसं.

चुकलं, हे त्याला दवाखान्याचा जिना उतरतानाच कळलं होतं. पण ते तोंडातून काढायचं कसं? एकतीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका काढत आला होता. स्वतःची कबूल करायची सवय राहिलीच नव्हती. तीन वेळा त्यानं फोन हातात घेतला आणि तीनही वेळा हवामान बघून ठेवून दिला.

मग एका सोमवारी बायको म्हणाली, "अहो, ती पुन्हा सायकल चालवणार आहे. येत्या रविवारी त्यांची डोंगरातली फेरी आहे. शनिवारी सकाळी येऊन फ्रेम घेऊन जाते म्हणाली, वाटेत दुकानातून मागचं चाक बसवून घेईल."

सायकलचा सांगाडा अपघातानंतर मित्रांनी मापाडीच्या घरीच आणून टाकला होता. मागच्या गॅलरीत खुंटीवर लटकत होता. मापाडीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. चाक! आपणच बांधायचं. आपल्या हातानं, स्पोक न् स्पोक ओवून. ती येईल, चाक बघेल, आणि जे समजायचं ते समजेल. म्हणजे तोंड उघडायला नको. वा! स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की दुसरा चहा त्यानं स्वतःच केला.

"सांग तिला, चाक तयार मिळेल म्हणून."

बायकोनं त्याच्याकडे दोन क्षण बघितलं. काय ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण थट्टा केली नाही. फोन करून आली आणि म्हणाली, "चालेल म्हणाली. फक्त एवढंच म्हणाली की जुन्या चाकाचा हब दुकानात नेऊन दाखवा आणि अगदी तस्साच मागा. फ्रेमला दुसरा चालत नाही म्हणे."

इथं खरी गोम होती. हब म्हणजे चाकाच्या मध्यावरचा तो गोल डबा, जो आसेभोवती फिरतो आणि ज्यातून सगळे स्पोक निघतात. आणि जुना हब होता कुठं? ते वाकडं चाक मापाडीनं अपघाताच्या तिसऱ्याच दिवशी, रागाच्या भरात, भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. बायकोलाही पत्ता नव्हता. चाकावरची ब्रेकची चकती आणि गिअरची दातेरी चक्रं मित्रांनी आधीच काढून पिशवीत घालून दिली होती म्हणून वाचली.

"दाखवायची काय गरज आहे?" तो म्हणाला. "मापं घेता येतात मला."

मग फ्रेम खुंटीवरून उतरली, उलटी करून सतरंजीवर ठेवली गेली, आणि मखमली डबा उघडला. फ्रेमला मागं दोन कान असतात. त्या दोन कानांच्या मधे हब बसतो, आणि आरपार आस जाऊन दोन्ही कान आवळते; फ्रेमलाच राहिलेली ती आस त्यानं आधी मोजली, बारा मिलीमीटर. म्हणजे दोन कानांमधलं अंतर घेतलं की झालं काम, यात अवघड ते काय? मापाडीनं पाच वेळा माप घेतलं. सकाळी तीनदा, दुपारी ऊन तापल्यावर दोनदा, कारण धातू उन्हानं फुगतो. बायको टॉर्च धरून उभी.

"किती?"

"एकशे पस्तीस मिलीमीटर. बिंदू शून्य." त्यानं ते असं म्हटलं, जणू फ्रेम बनवणाऱ्याला शाबासकीच देत होता.

"आणि या खाचा कशाला आहेत हो, कानांच्या आतल्या बाजूला?"

खाचा होत्या खऱ्या. दोन्ही कानांच्या आत, खालच्या बाजूनं उघड्या, नखाएवढ्या खोल. मापाडीला त्या कशासाठी आहेत ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची त्याची तयारी नव्हती.

"वजन कमी करायला," तो म्हणाला. "तेवढीच धातूची बचत."

"एवढ्याशा खाचेनं?"

"अगं, थेंब थेंब वजन वाचवतात हे लोक."

मंगळवारी तो पिशवी घेऊन सायकलच्या दुकानात गेला. दुकान लांबट, अरुंद, छताला रिमा टांगलेल्या, आणि गल्ल्याच्या मागे चाकं बांधणारी बाई. केस आखूड, चष्मा कपाळावर, बोटं ग्रीसनं काळी. तिला सगळे चाकवाली म्हणत. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "जुना हब आणलाय?"

"नाही."

"फ्रेम?"

"नाही. मापं आणलीत." आणि त्यानं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. तळाशी तारीख आणि सही होती.

चाकवालीनं कागद बाजूला ठेवला आणि पिशवीतली चकती उलटीपालटी करून बघितली. "हिला सहा स्क्रूंचा हब लागेल." मग दातेरी चक्रं घेऊन त्यांच्या आतल्या खोबणीत बोट फिरवलं. "ही ज्या मानेवर चढतात ती मान तीन-चार तऱ्हांची येते. ही त्यातली नेहमीची." मग रिम निवडली, तिची भोकं मोजली, बत्तीस. "म्हणजे बत्तीस स्पोकांचा हब." सगळं डोळ्यांनी, बोटांनी, एका मिनिटात. मापाडीला हे काम फारच ढिसाळ वाटलं.

"आता रुंदी," ती म्हणाली. कागद वाचून थांबली. "एकशे पस्तीस, आणि आस बाराची? काका, ही जोडी आता क्वचित दिसते. एकशे बेचाळीस तर नाही ना? एकदा फ्रेम आणून दाखवता का?"

झालं! मापाडीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "बाई, सात मिलीमीटर? सात? अहो, अर्ध्या मिलीसाठी मी लोकांचे परवाने अडवलेत. सात मिली चुकायला मी काय डोळे मिटून मोजलं?" आणि तेवढ्यावर थांबला असता तर तो मापाडी कसला. गल्ल्यावरची तिची पोलादी पट्टी उचलून त्यानं उजेडात धरली. "ही बघा तुमची पट्टी. टोकाला झिजलीय. शून्य शून्यावर नाही राहिलं."

चाकवालीनं पट्टीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, चष्मा नाकावर घेतला आणि मागच्या खणातून शोधून शोधून एक हब काढला. एकशे पस्तीस, आस बाराची. मापाडीनं तो तिथंच मोजला. बिंदू शून्य. विजयी मुद्रेनं तो घरी आला.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर चाक होतं आणि जेवण मांडीवर. पहिल्या दिवशी त्यानं बत्तीस स्पोक ओवले आणि मग लक्षात आलं की हवा भरायच्या भोकाजवळ दोन स्पोक असे आडवे आलेत की पंपाचं तोंडच आत जाणार नाही. सगळे सोडले. दुसऱ्यांदा अर्धे स्पोक उलट्या बाजूनं गेले. पुन्हा सोडले. तिसऱ्यांदा मात्र जमलं, आणि तो चाकाभोवती लहान मुलासारखा फिरायला लागला. एकेक स्पोक पाव फेरा आवळायचा, चाक फिरवायचं, रिम कुठं लचकते बघायचं. या कामात तो स्वतःशी पुटपुटत होता, आणि बायकोनं एकदा स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकलं तर तो चाकाशी नाही, मुलीशी बोलत होता. "तसं नव्हतं गं म्हणायचं मला," असं काहीतरी. ती हातातलं काम तसंच सोडून तिथंच उभी राहिली, आणि तो थांबल्यावर पुन्हा कामाला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी चाक तयार झालं. सरळ. एका केसाचाही फरक नाही. खरोखर सुंदर चाक होतं ते.

"एकदा लावून बघा की फ्रेमला," बायको म्हणाली.

"मोजलेल्या गोष्टीला लावून बघत नाहीत."

हे वाक्य तो आता पाहुण्यांना सांगतो तेव्हा कपाळावर हात मारून घेतो. सायकल दुरुस्त करणारा कुठलाही माणूस आधी लावून बघेल. लहान पोरही आधी लावून बघेल. न लावता छातीठोकपणे बसून राहायला एकतीस वर्षांची नोकरीच लागते.

शनिवारी सकाळी मुलगी आली. आईच्या गळ्यात पडली, मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "कसे आहात?"

"बरा आहे," तो म्हणाला. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. त्याच्या नजरेनं ते तत्काळ मोजलं, आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

चाक बघितल्यावर ती थबकली. खाली बसली, बोटानं चाक फिरवलं, स्पोक चिमटीत धरून आवाज घेतला. "तुम्ही बांधलंत? तुम्ही स्वतः?"

"हो."

"मला अजून जमत नाही, बाबा."

किती दिवसांनी त्यानं ही हाक ऐकली! त्याला वाटलं, झालं, पोचलं. बोलायची गरजच उरली नाही. "लावू या," तो घाईघाईनं म्हणाला आणि चाक उचलून फ्रेमच्या कानांमधे सरकवलं. हब दोन कानांच्या मधे अगदी नेमका आला. बघितलंस ना, या अर्थानं त्यानं बायकोकडे पाहिलं. मग आस आरपार घातली, फिरवून बसवली, आणि हात काढला.

चाक डावीकडे सरकलं. टक. त्यानं सरळ केलं. ते उजवीकडे सरकलं. टक.

मुलीनं वाकून बघितलं आणि एका नजरेत तिला कळलं. पण ती सांगताना हळू आवाजात बोलली. "बाबा, हब या खाचांच्या आत बसायला हवा. दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन मिली. एकशे बेचाळीसचा लागतो."

चाकवालीनं ज्या तीन गोष्टी नुसत्या बघून दिल्या त्या तिन्ही बरोबर. यानं पाच-पाचदा मोजून आणलेली एकच, आणि तीच चूक. मापाडी चाकासमोर उकिडवा बसून राहिला. त्याच्या डोक्यात सबबी रांगेनं उभ्या राहिल्या. दुकानवालीनं चुकीचा दिला. पडल्यामुळे फ्रेम फाकली. उन्हानं... उन्हानं काय, सात मिली?

"जुना हब नेला नव्हतात का?" तिनं विचारलं. "त्याच्यावर आकडा असतो."

"जुनं चाक नाहीये. भंगारात दिलं."

"कधी?"

आता खोटं बोलता आलं असतं. बायको दारात उभी होती, तिलाही हे नवीन होतं. "तू दवाखान्यात होतीस तेव्हाच," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी."

मुलीचा चेहरा पुन्हा अकरा महिन्यांपूर्वीसारखा बंद झाला. ती उठायला लागली. फ्रेममधलं चाक सैल, निरुपयोगी, इकडून तिकडे सरकतंय. ज्या चाकानं त्याच्या वतीनं बोलायचं होतं ते टक टक करण्यापलीकडे काही बोलत नव्हतं. ती उठून गेली की गेली, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"थांब," तो म्हणाला. "दवाखान्यात मी बोललो ते चुकलं. फार वाईट बोललो. मी घाबरलो होतो गं. वाटेत मला वाटत होतं की तू गेलीस. आणि तू दिसलीस तर मी तुला शिव्या दिल्या. सगळ्यांसमोर. मला माफ कर."

मुलगी अर्धवट उठलेली तशीच पुन्हा खाली बसली. नाक ओढलं. "मला वाटलं तुम्हाला आठवतही नसेल."

"रोज आठवतं."

"मग अकरा महिने?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि या वेळी त्यानं न ऐकल्यासारखंही केलं नाही. "नाही जमलं," तो म्हणाला. ती रडायला लागली. रडू नकोस, असं सांगायला त्याचं तोंड उघडलं, पण नशीब, मिटलं. तो फक्त तिच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिला, आणि थोड्या वेळानं तिनं डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. बायको आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली.

तासाभरानं बापलेक चाक घेऊन दुकानात गेले. जाताना मुलगी म्हणाली की नवा हब घ्यावा लागणार, चाक सगळं सोडावं लागणार, उद्याची फेरी काही होत नाही, पण हरकत नाही, पुढच्या वेळी. मापाडी मान खाली घालून चालला होता. चाकवाली दिसताच तिनं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "एकशे बेचाळीस. तुमचं बरोबर होतं. आणि पट्टीबद्दलही माफ करा." एकदा तोंडाला सवय लागली की सोपं जात होतं.

चाकवालीला हसू आलं. तिनं चाक घेतलं, हबच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्या चिमटीत धरून ओढल्या. त्या बाटलीच्या बुचासारख्या निघून आल्या. खणातून दुसऱ्या दोन काढल्या, जरा लांब, आणि अंगठ्यानं दाबून बसवल्या. मग झिजलेल्या पट्टीनं मोजायला गेली, थांबली, आणि पट्टी त्याच्याच हातात दिली. त्यानं झिजलेलं टोक सोडून, दहाच्या खुणेपासून मोजलं. एकशे बेचाळीस.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. याच हबला दोन्ही टोप्या येतात. चाकाला हात लावायची गरज नाही, उद्या खुशाल न्या डोंगरात." तिनं बोटं फडक्याला पुसली. "काका, फ्रेम आणून सरळ विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी बदलून दिल्या असत्या की! घरी ही सगळी फजितीच झाली नसती."

मापाडी कानापर्यंत लाल झाला. पहिल्याच दिवशी. विचारलं असतं तर सकाळी चाक बसलं असतं, पोर आभार मानून फ्रेम घेऊन गेली असती, आणि तो सगळ्या जन्मात एक अक्षर बोलला नसता. हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मुलीच्या आधीच आलं होतं. ती चाक छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती.

"बरं झालं, बाबा," ती म्हणाली, "नाही विचारलंत."